ॲट द रेट वन टू थ्री

जालन्यात तो कुठेही भेटतो. नव्या मोंढ्यातल्या आडतीवर, औद्योगिक वसाहतीतल्या सळईच्या कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये, कर सल्लागाराच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत, बियाणे वितरकाच्या गोदामालगतच्या काउंटरवर. प्रत्येक ठिकाणी त्याचं पहिलं नाव वेगळं असतं. कधी दुकानाचं, कधी कुलदैवताचं, कधी सेठजींच्या नातवाचं. पुष्कळदा सरळ गावाचंच. आडनाव मात्र सगळीकडे एक. नवा मुलगा कामावर आला, की टायपिंग न थांबवता कुणीतरी त्याची ओळख करून देतं, "जालना. जे कॅपिटल. ॲट द रेट, वन टू थ्री."

एवढ्या ओळखीवर तो त्या मुलाला सगळं उघडून देतो.

सगळं म्हणजे काय? चार-पाच कॉम्प्युटरचं ऑफिस. कोपऱ्यात, बहुधा देवाच्या फोटोखाली, त्यातल्या त्यात बरा असा एक कॉम्प्युटर; त्याला सगळे सर्व्हर म्हणतात. आत विंडोज साधीच असते, पण टॅलीचा डेटा, जीएसटीच्या एक्सेल शीट, पार्ट्यांच्या पॅन-आधारचे स्कॅन, लेटरहेड, पगारपत्रक, सेठजींच्या जमिनीचे सातबारे असं सारं त्याच्या एका फोल्डरमध्ये साठलेलं असतं. भिंतीवर खिळ्याला आठ पोर्टचा स्विच लटकलेला. त्यातून निघालेल्या केबली टेबलांखालून जातात आणि बाकीच्या कॉम्प्युटरांवर तेच फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून दिसतं. त्या झेडच्या दारात हा उभा. युजरनेम आणि पासवर्ड अशी ही जोडी. युजरनेम बहुधा ‘ऑफिस’ किंवा ‘ॲडमिन’. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. लोक जोडीतल्या दुसऱ्यालाच ओळखतात.

राहायला त्याला फार जागा लागत नाही. टेबलाच्या काचेखाली तो पावत्यांच्या शेजारी पडलेला असतो. मॉनिटरच्या खालच्या पट्टीवर चिकटपट्टीखाली असतो. आणि कालनिर्णयच्या मागच्या बाजूला तर हमखास असतो, बॉलपेननं दोनदा गिरवलेला. जानेवारीत जुनं कॅलेंडर रद्दीत जातं, त्याच्याबरोबर हाही जातो. रद्दीवाल्याच्या हातगाडीवरून गावातल्या किती ऑफिसांचे पासवर्ड आजवर गेले असतील, या विचारानं मी खरोखर अस्वस्थ होतो.

त्याचं घराणं मात्र चांगलं आहे. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत १९६१ साली फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करायची व्यवस्था दाखवली. यंत्र एक, माणसं पुष्कळ. प्रत्येकाच्या फायली त्याच यंत्रात. मग ज्याचं त्याच्यापाशी राहावं म्हणून प्रत्येकाला एक पासवर्ड दिला गेला. म्हणजे एकत्र बसणाऱ्या माणसांच्या वस्तू वेगळ्या राखणं, याच कामासाठी तो जन्माला आला. त्याची पहिली फसवणूकही फार लवकर झाली. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला यंत्रावर मिळणारा आठवड्याचा वेळ पुरत नव्हता. १९६२ मध्ये त्यानं पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम करत राहिला. पुढे १९६६ साली एका चुकीमुळे रोजची सूचना दाखवायच्या जागी पासवर्डची यादीच उघडी पडली; जो आत येई त्याला सगळ्यांचे पासवर्ड दिसत. कोर्बाटोंना १९९० चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. पासवर्डचं दुखणं मात्र पहिल्या वर्षापासूनचं आहे, आणि ते तिथल्या पंडितांनाही झेपलं नव्हतं. जालन्यातल्या एखाद्या आडत्याला ते झेपत नाही म्हणून त्याला हसण्याचं काहीच कारण नाही.

त्याचा आजचा चेहराही असा आपोआप झालेला नाही. २००४ साली अमेरिकेच्या मानक संस्थेनं, निस्टनं, एक मार्गदर्शिका काढली. त्यात मोठी लिपी, लहान लिपी, आकडा, चिन्ह असं मिश्रण करा आणि पासवर्ड ठरावीक मुदतीनं बदला, असा सल्ला होता. जगभरच्या सॉफ्टवेअरनी तो नियम उचलला. माणसांनी तो आपल्या परीनं पाळला. मोठं अक्षर सुरुवातीला, चिन्ह म्हणून ॲट द रेट, आकडे म्हणून वन टू थ्री. बदलायची वेळ आली की वन टू थ्री फोर. नियम पुरा झाला आणि सगळ्यांचे पासवर्ड एकमेकांसारखे दिसू लागले. तो मजकूर लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्याबद्दल खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी निस्टनं भूमिका बदलली : पासवर्ड लांब असू द्या, फुटल्याचा संशय आला तरच बदला, उगाच मुदती घालू नका. हा बदल आपल्याकडे फारसा पोचला नाही. लांब पासवर्ड लक्षात ठेवायला सोपा असतो, विशेषतः मराठीत. आजीच्या गावाचं नाव, तिथल्या ओढ्याचं नाव, पहिल्या बैलाचं नाव आणि मध्ये एखादा असंबद्ध शब्द असे चार शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, तर ती वीस-पंचवीस अक्षरं आपल्याला झोपेतही आठवतील आणि अंदाजानं कुणाला सापडायची नाहीत. तरी फळ्यावर, काचेखाली, कॅलेंडरमागे विराजमान असतो तो हाच, सर्वांचा लाडका वन टू थ्री.

स्वभावानं तो कामसू आहे. सकाळी साडेदहाला ऑफिस उघडतं तेव्हा त्याच्यावर पहिला आरोप येतो. "ताई, झेड घेईना झालंय ओ. पासवर्ड बदलला का?" झेडवर लाल फुली आलेली असते. रात्रीतून वीज गेलेली असते, सर्व्हर अजून चालू व्हायचा असतो. नाहीतर कॉम्प्युटर सुरू होतो आणि स्विचचे दिवे अजून लुकलुकत असतात. विंडोज घाईनं झेडला हाक मारते, तिकडून ओ येत नाही, की ती फुली मारून मोकळी होते. दोन मिनिटांनी झेडवर दोनदा क्लिक केलं की सगळं सुरळीत. पासवर्डचा यात काडीचा संबंध नसतो. तरी मधल्या दोन मिनिटांत कुणीतरी तो सर्व्हरवर जाऊन बदलतो, आणि मग मात्र खरी अडचण सुरू होते.

अडचण अशी की तो एकाच ठिकाणी राहत नाही. पहिल्यांदा विचारणा होते तेव्हा चौकटीखाली एक छोटा खण असतो, ‘लक्षात ठेव’ असं सांगणारा. त्यात टिक केली की पासवर्ड त्या कॉम्प्युटरच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन बसतो. कंट्रोल पॅनलमध्ये हे दालन आहे. चार-पाच वर्षं त्या कॉम्प्युटरवर काम केलेल्या माणसानंही ते उघडलेलं नसतं. सर्व्हरवर पासवर्ड बदलला तरी या दालनातला जुना पासवर्ड जुनाच राहतो आणि कॉम्प्युटर मोठ्या निष्ठेनं तोच पुन्हा पुन्हा देत राहतो. विंडोज अकराच्या नव्या मांडणीत दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं दहा मिनिटं बंद होतं. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या एका जुन्या कॉम्प्युटरच्या हट्टापायी खालच्या चौघांचं काम थांबतं आणि कारण कुणाच्याच ध्यानात येत नाही. अशा वेळी त्या जुन्या कॉम्प्युटरवर जायचं, दालन उघडायचं, सर्व्हरच्या नावापुढची नोंद काढून टाकायची आणि नवी द्यायची. फॉरमॅट मारायची गरज नसते. हार्डवेअरवाल्याला बोलवायचीही नसते.

त्याच्या स्वभावातल्या आणखी काही गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पिन आणि पासवर्ड हे त्याच्या लेखी वेगळे. कॉम्प्युटर उघडताना आपण चार आकडी पिन देतो. तो त्या एका यंत्रापुरताच असतो. तोच पिन झेडच्या चौकटीत टाकून लोक तासभर झगडतात. तसंच, सर्व्हरवरच्या खात्याला पासवर्डच ठेवला नसेल तर नेटवर्कवरून विंडोज त्या खात्याला आत घेत नाही. कोऱ्या पासवर्डला फक्त त्या यंत्रासमोर बसलेल्यापुरती मुभा आहे. ‘आमच्याकडे पासवर्डच नाही, मग मागतोय कशाला?’ या रोजच्या प्रश्नाचं उत्तर हे. आणि तिसरी गोष्ट त्याच्या हट्टाची. एकाच कॉम्प्युटरवरून एकाच सर्व्हरकडे एका वेळी दोन नावांनी गेलेलं त्याला चालत नाही. ‘ऑफिस’ या नावानं झेड उघडलेला असताना ‘पगार’ या नावानं दुसरं फोल्डर उघडायला गेलात, की तो सरळ नकार देतो. आधीची जोडणी तोडा, मग या.

या सगळ्यात त्याची एक गोष्ट मला फार आवडते. तो तारेवरून प्रवास करत नाही. झेडची चौकट भरून आपण एंटर मारतो, तेव्हा आपली अक्षरं केबलमधून जशीच्या तशी पलीकडे जातात असं वाटतं. प्रत्यक्षात सर्व्हर इकडे एक सहज उचललेला आकडा पाठवतो. आपला कॉम्प्युटर पासवर्डचा अर्क काढून तो त्या आकड्यात मिसळतो आणि आलेलं उत्तर परत पाठवतो. सर्व्हर आपल्याकडच्या अर्कानं तेच गणित करतो. उत्तर जुळलं की दार उघडतं. पुढच्या वेळी आकडा वेगळा, म्हणून उत्तरही वेगळं. पासवर्ड आपल्या जागेवरून हललेलाच नसतो. चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवलेल्या या बिचाऱ्याला आतल्या आत एवढ्या अदबीनं वागवलं जातं.

महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या, म्हणजे जीएसटीच्या विवरणपत्रांच्या मुदतीच्या, आदल्या रात्री कर सल्लागाराच्या खोलीत त्याची खरी धावपळ असते. एका कॉम्प्युटरवर विक्रीची बिलं, दुसऱ्यावर खरेदीचा ताळमेळ, तिसऱ्यावर कुणीतरी पोर्टल उघडून बसलेलं. मार्चअखेरीस तर रात्रीचे बारा. मोसंबीच्या हंगामात मोंढ्यावर गाड्यांची रांग लागते आणि आडतीवर पहाटेपासून पट्ट्या निघत राहतात. या सगळ्या वेळी तो न थकता हजर असतो. कुणी काय केलं, कोणती फाइल कुणी उघडली, यात तो पडत नाही. त्याला चेहरा दिसत नाही. जो अक्षरं बरोबर टाकेल तो त्याचा. सगळ्यांना एकच ‘ऑफिस’ म्हणून ओळखण्यापलीकडे त्याला काही येत नाही, कारण आपणच त्याला तेवढं शिकवलेलं असतं.

इथे मला त्या ताईंची बाजू घ्यायची आहे. प्रत्येक ऑफिसात त्या असतात. भोकरदन नाक्याकडून नाहीतर जुन्या जालन्यातून रोज येणाऱ्या, एंट्रीचं बहुतेक काम ओढणाऱ्या, पगार कमी, जबाबदारी भरपूर. एखाद्या दिवशी कुठल्या तरी पार्टीच्या खात्यातली रक्कम बदललेली सापडते. फाइल ‘ऑफिस’नं बदललेली असते. ऑफिसातले पाचही जण ‘ऑफिस’च. मग नजर वळते ती त्यांच्याकडे, कारण सर्वांत जास्त वेळ त्याच कॉम्प्युटरपुढे बसलेल्या असतात. त्यांनी केलं नाही हे दाखवायला त्यांच्याजवळ काही नसतं. स्वतःच्या नावाचं लॉगिन असतं तर ते त्यांच्या बाजूनं बोललं असतं. प्रामाणिक माणसाला वेगळ्या पासवर्डची गरज सर्वांत जास्त असते, हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगत आलो आहे, आणि इथेही सांगतो.

चेहरा नसलेल्या लॉगिनचं मोल काय होऊ शकतं, ते या जिल्ह्यानं नुकतंच पाहिलं. अतिवृष्टीनं पीक गेलं की पंचनामे होतात, तलाठ्याकडून याद्या तहसिलात जातात, तिथल्या लॉगिनमधून त्या पोर्टलवर चढतात, शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो, केवायसी होते आणि रक्कम थेट खात्यात येते. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत या अनुदानाच्या याद्यांमध्ये बोगस नावं घुसवल्याचं चौकशीत पुढे आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये अंबड पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. २४ कोटींहून अधिक रकमेच्या अपहाराचा आरोप त्यात आहे, आणि तहसीलदारांच्या लॉगिन आयडी-पासवर्डचा गैरवापर झाल्याचाही. कोण दोषी, ते न्यायालय ठरवील. मला खटकतं ते दुसरंच. लॉगिन साहेबांचं, हात दुसऱ्याचे, ही पद्धत सरकारी ऑफिसात असो वा खासगी, कामाच्या रेट्यात इतकी अंगवळणी पडली आहे की कुणाला त्यात वावगं वाटेनासं झालंय. "साहेब मीटिंगला गेलेत, त्यांचा पासवर्ड आहे आपल्याकडे," हे वाक्य मदत म्हणूनच उच्चारलं जातं. ज्याचं पीक खरोखर पाण्यात गेलं त्या शेतकऱ्यानं यादीत आपलं नाव शोधायचं आणि त्याच यादीत जमीन नसलेल्याचं नाव सापडायचं. पासवर्ड दुसऱ्याच्या हाती गेल्याची किंमत शेवटी त्या शेतकऱ्याच्या पदरात पडते.

कायद्यानं हे कधीच ओळखलंय. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ सी दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगतं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे, ती बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. लेखापरीक्षकाला तसं अहवालात लिहावं लागतं. भागीदारीच्या दुकानांना हा नियम लागू नाही, पण नोंद ठेवणारी टॅली आता सगळ्यांच्या घरी आली आहे. तिच्यात कुणी, कधी, काय बदललं ते दिसतं. पाचही जण एकाच नावानं आत जात असतील तर त्या नोंदीत पाच ओळी दिसतात आणि पाचही ओळींत नाव एकच.

शिवाय टॅलीचा पासवर्ड आणि झेडचा पासवर्ड ही दोन वेगळी माणसं आहेत. टॅलीत सगळ्यांना वेगवेगळे युजर केले म्हणून लोक निर्धास्त होतात. पण टॅलीचा डेटा ज्या फोल्डरमध्ये आहे ते फोल्डर झेडवर सर्वांना पूर्ण मोकळं असेल, तर टॅली न उघडताच ते अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घेता येतं किंवा एका बटणानं उडवता येतं. बाहेरच्या दारात जो उभा आहे त्यालाच आधी शहाणं करावं लागतं. खंडणीखोर व्हायरसचंही तेच. १२ मे २०१७ ला जगभर पसरलेला वॉनाक्राय फायली वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीतल्या छिद्रातून आपणहून शिरला, त्यानं पासवर्ड विचारलाच नाही. ते छिद्र बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिला होता. पण एरवी असा व्हायरस एखाद्या मेलमधून एकाच कॉम्प्युटरवर येतो आणि त्या कॉम्प्युटरला जेवढं लिहायची परवानगी आहे तेवढं सगळं कुलूपबंद करतो. झेडची परवानगी अख्ख्या ऑफिसची असेल तर अख्खं ऑफिस जातं.

जालन्याला गुपिताची किंमत नवी नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाण्याची कंपनी सुरू केली आणि हे गाव बियाण्याचं गाव झालं. संकरित वाणाचे मादी-नर कोणते, यावर त्या धंद्याचं सारं अवलंबून. ज्याच्या रानात बीजोत्पादनाचा प्लॉट असतो त्यालाही मादीच्या ओळी कोणत्या, नराच्या कोणत्या, एवढं दाखवलं जातं. त्यांची मूळ नावं बहुधा सांगितली जात नाहीत. शेतकऱ्याला त्यात अपमान वाटत नाही. ज्याला कामापुरतं जेवढं लागतं तेवढं त्याच्या हाती, ही रीत इथल्या रानात साठ वर्षांपासून चालत आली आहे. तीच रीत ऑफिसातल्या फोल्डरला लावायला सांगितलं की मात्र वातावरण बदलतं.

"म्हणजे आता आमच्यावर भरवसा नाही का, सेठजी?" असा प्रश्न हमखास येतो, आणि तो वीस वर्षं इमानानं काम केलेल्या काकांकडून येतो. सेठजी कानकोंडे होतात. "छे हो काका, तुमच्यावरच तर सगळं आहे," म्हणतात आणि विषय सोडून देतात. मला वाटतं इथे विषय सोडू नये. काकांना बसवून सांगावं, की आजवर तुम्ही लिहिलेलं आणि परवा आलेल्या पोरानं लिहिलेलं एकाच नावावर पडतंय. तुमच्या अक्षरातल्या जुन्या वह्या कपाटात आहेत. रोजकीर्द उघडली की हात काकांचा, हे कुणीही सांगतं. कॉम्प्युटरनं तो हात पुसून टाकला. वेगळं लॉगिन म्हणजे तुमचं अक्षर परत मिळणं आहे. हे पटायला काकांना वेळ लागत नाही. पासवर्ड काय ठेवायचा यावर मात्र ते दोन दिवस विचार करतात, आणि करावाच.

काम फार मोठं नाही. सर्व्हरवर प्रत्येकाच्या नावाचं खातं काढायचं, साधं, ॲडमिनचे अधिकार न देता. एक मोठं फोल्डर मोडून तीन-चार करायची : हिशेब, पार्ट्यांची कागदपत्रं, पगार, आणि सगळ्यांचं सामायिक. कुणाला नुसतं वाचता येईल, कुणाला लिहिता येईल, ते ठरवायचं. विंडोज इथे दोन उंबरठे ठेवते, एक शेअरिंगचा आणि एक फोल्डरच्या आतल्या सुरक्षेचा. दोन्हींत जो कडक त्याचं चालतं, म्हणून एकच बदलून गप्प बसलं की ‘परवानगी दिली तरी उघडेना’ असं होतं. प्रत्येकानं आपल्या कॉम्प्युटरवरही आपल्या पासवर्डनं आत यायचं आणि चहाला उठताना विंडोजची खूण असलेलं बटण धरून एल दाबायचं. क्रेडेन्शियल मॅनेजरच्या दालनात ठेवलेला झेडचा पासवर्ड त्या कॉम्प्युटरच्या लॉगिनच्या पोटात असतो. उघड्या टाकलेल्या कॉम्प्युटरपुढे जो बसेल त्याला तो आपसूक मिळतो. ॲडमिनचा पासवर्ड एका पाकिटात घालून, पाकीट बंद करून सेठजींच्या तिजोरीत.

हे न करता पळवाट काढणारेही भेटतात. ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करा, ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल द्या, भानगडच मिटली. बरीच वर्षं ही वाट चालली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज अकराचा मोठा अपडेट आला, त्यानं प्रो आवृत्तीतही अनोळखी पाहुणा म्हणून दुसऱ्या यंत्रात शिरायची सोय मूळ मांडणीत बंद केली. कितीतरी ऑफिसांत एका सकाळी झेड उघडेनासा झाला. पुष्कळांनी कुठलीशी सेटिंग फिरवून जुनी सोय परत आणली. ज्यांनी त्या निमित्तानं नावं वेगळी केली, त्यांनी शहाणपणा केला.

नवी नावं झाली, सगळ्यांचे झेड नव्या पासवर्डनं जोडले गेले, की जुन्या ‘ऑफिस’चं काय करायचं हा प्रश्न उरतो. उत्साहात लोक ते खातं तिथल्या तिथे उडवतात. तसं करू नये. इतक्या वर्षांत तो कुठे कुठे जाऊन बसला आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. त्याला आधी फक्त डिसेबल करायचं आणि थांबायचं. पहिल्या तासात झेरॉक्स मशिनचं स्कॅनिंग बंद पडेल. कारण स्कॅन फोल्डरमध्ये टाकायला मशिनच्या पोटात त्याचंच नाव लिहिलेलं असतं. मशिनसाठी एक वेगळं खातं काढायचं, फक्त स्कॅनच्या फोल्डरपुरतं. दोन दिवसांनी गोदामातला काट्याजवळचा जुना कॉम्प्युटर ओरडेल. रात्रीचा बॅकअप घेणारी बारकी प्रणाली गुपचूप अडेल, म्हणून तिच्याकडे मुद्दाम जाऊन पाहायचं. नोकरी सोडून गेलेल्या एखाद्या मुलाचा फोन येईल, "भाऊ, ते जुनं शेअरिंग चालत नाही का आता?" आणि त्याच्या लॅपटॉपवर तो अजून होता, हे त्या फोनवरून कळेल. ११ तारीख जाऊ द्या, २० जाऊ द्या. पुरा महिना कुणाची हाक आली नाही, तर मग खातं डिलीट करायला हरकत नाही, आणि त्याच दिवशी काचेखालची चिठ्ठीही काढा.